जास्वंदी लाल

आज आईची चौथी केमो. नाशिकच्या हवेत अजून पहाटेचा गारवा होता. फार्मासिस्ट ताईंनी तिला पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं. तीन किलो उतरलेलं. डोस उंची-वजनावरून ठरतो. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन करून हिशेब नव्याने तपासला. मग काचेआडच्या कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे घालून, डॉक्सोरुबिसिन भरलं. जास्वंदीसारखं लाल.

"काकू, लघवी लालसर झाली तर घाबरू नका हं."

अशा कामासाठी फार्मासिस्ट घडवणारा सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ पासून आहे. मी मात्र इतकी वर्षं फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या मोजून देणारा माणूस, एवढंच धरून चालले होते.

परतताना गोदाकाठी थांबलो. आई पाण्याकडे बघत राहिली. काय आठवत होती, विचारलं नाही. तो लाल रंग अजून डोळ्यांपुढून हलत नाही.