पन्नास तास कशासाठी?

आज आमच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. भागाकारात मुलं शून्य कुठे गाळतात, यावर आम्ही शिक्षक तावातावाने बोललो. कुठल्याही ऑनलाइन व्हिडिओपेक्षा मला ही चर्चा मोलाची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा आहे. हे तास विषयाच्या गाभ्यावर खर्च व्हावेत, असं मनापासून वाटतं. भाषा-गणिताकडे लक्ष जातं. पण भूगोल, चित्रकला शिकवणाऱ्याने कुणाला विचारायचं? १९८६ च्या धोरणातून ‘डाएट’ म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या त्या शिक्षकांना आपल्याच जिल्ह्यात आधार मिळावा म्हणून. तिथे प्रत्येक विषयाचा जाणकार हवाच, आणि त्याने नकाशावाचनाचा माझा तास मागच्या बाकावर बसून पाहायला हवा.