साथीदाराचे घर

वर्षअखेर नेमकी केव्हा येते, या प्रश्नाला मराठी माणसाजवळ एकच एक उत्तर नाही. पंचांग फाल्गुनी अमावास्येकडे बोट दाखवते, व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतो, कचेऱ्या ३१ मार्चला हिशेब मिटवतात आणि आम्ही शिकवणारे लोक उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा बांधला की वर्ष सरले असे समजतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र आमच्या जालना जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आणखी एक वर्षअखेर रुजली आहे. ती म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आठवडा. परदेशी राहणाऱ्या नातवंडांच्या शाळांना तेव्हा नाताळची सुटी असते आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांतले काम जरा थंडावलेले असते. पूर्वी दिवाळीला जमणारे घर त्यामुळे आता नाताळात जमते. फराळाचे डबे तेच असतात, फक्त चकल्या दोन महिने उशिरा तळल्या जातात.

या बदलाविषयी हळहळण्याचा आमचा विचार नाही. माणसे जमतात हे महत्त्वाचे, तिथी कोणतीही असो. परंतु या नव्या वेळापत्रकात एका माणसाला कुठेच जागा मिळत नाही, असे आमच्या ध्यानात आले आणि त्याच्याविषयी लिहावेसे वाटले. आम्ही दोघे जालन्यात मराठी शिकवतो. ज्याच्याविषयी लिहीत आहोत तो आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ आणि दुसऱ्याचा मेहुणा. तो पेटी वाजवतो. अधिक नेमके सांगायचे तर तो साथ करतो. एकल वादन त्याने फारसे केले नाही आणि त्याची त्याला खंतही नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात तो एका गायिकेबरोबर अमेरिकेला गेला. पाच आठवडे आणि सहा गावे. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांची दिवाळी तिथीवर चालत नाही, ती वारावर चालते. सभागृह मिळेल तो शनिवार हाच लक्ष्मीपूजनाचा दिवस, त्यामुळे दिवाळी महिना-सव्वा महिना पुरते आणि कलावंतांचा एकच संच गावोगाव फिरू शकतो. त्याचा एक कार्यक्रम ‘दिवाळी पहाट’ या नावाचा होता आणि तो दुपारी चार वाजता एका शाळेच्या सभागृहात झाला. पहाट ही तिथे वेळ उरलेली नाही, तो कार्यक्रमाचा एक प्रकार झाला आहे. हे ऐकून आम्ही हसलो. तो मात्र हसला नाही. तो म्हणाला, “ताई, पहिल्या रांगेत बसलेल्या एका आजी भूपाली सुरू झाल्याबरोबर डोळे पुसायला लागल्या. त्यांची पहाट झाली होती.”

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ साली स्थापन झाली आणि तिची अधिवेशने दर दोन वर्षांनी भरतात. म्हणजे मराठी गाण्यासाठी समुद्रापलीकडे जाण्याची वाट आता चांगलीच मळलेली आहे. त्याआधीच्या पिढीला ती तशी नव्हती. हिराबाई बडोदेकर १९५३ साली भारतीय शिष्टमंडळाबरोबर चीनला गेल्या, १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वाजवायला गेले, तेव्हा असे दौरे ही अपूर्वाईची गोष्ट होती. खाँसाहेबांच्या त्या दौऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तबल्याला पंडित चतुरलाल होते, हे मात्र आपल्याला मुद्दाम आठवावे लागते. साथीदाराचा उल्लेख वृत्तान्ताच्या शेवटच्या ओळीत येतो, आणि जागा कमी पडली तर सर्वांत आधी तीच ओळ कापली जाते.

पेटीच्या बाबतीत तर गंमत अशी की हे वाद्यच मुळात परदेशातून आलेले. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँने हार्मोनियमचे एकाधिकारपत्र घेतले. पायाने भाता मारायच्या त्या जड वाद्याला मांडी घालून बसणाऱ्यांच्या सोयीचे रूप १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी दिले. मराठी संगीत रंगभूमीने तिला जवळ केले, कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी तिला खेडोपाडी नेले. तरीही तिचे परकेपण सुटले नाही. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठरलेल्या जागी खिळलेले, श्रुतींचा सूक्ष्म भेद तिला कळत नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली.

बंदी आली तेव्हा जालन्याजवळच्या जळगाव या खेड्यात १९२२ साली जन्मलेला एक मुलगा अठरा वर्षांचा होता. मुलूख निजामाचा, आणि वाद्य असे की ज्याला आकाशवाणीचे दार बंद. तो मुलगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेले पंडित अप्पासाहेब जळगावकर. आधी ते गाणे शिकले. पेटी मात्र त्यांनी बहुतांशी स्वतःच्या कानाने आणि स्वतःच्या बोटांनी साधली. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर, जसराज अशा एकमेकांपासून सर्वस्वी वेगळ्या गवयांना त्यांनी साथ केली, आणि तबल्याच्या एकल वादनाला त्यांनी धरलेला लेहरा ऐकण्यासाठीही लोक कान टवकारीत. २००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमचा मेहुणा अप्पासाहेबांचा शिष्य नव्हे, पण आपल्या जिल्ह्यातला माणूस म्हणून तो त्यांच्या ध्वनिमुद्रणांची पारायणे करतो. त्यांच्याकडून काय शिकलास, असे आम्ही त्याला एकदा विचारले होते. त्याचे उत्तर आम्ही पुढे समीक्षेच्या वर्गात अनेकदा वापरले. तो म्हणाला होता, “गवई श्वास घेतो तेवढ्यात त्याच्या मनातला पुढचा सूर कळायला हवा. पण तो आपण आधी वाजवायचा नाही.” चांगल्या समीक्षेचे याहून नेटके वर्णन आम्हाला पाठ्यपुस्तकात सापडले नाही. समीक्षकालाही कृतीच्या अर्धे पाऊल मागून चालावे लागते, आणि तरी ती कुठे निघाली आहे हे ठाऊक असावे लागते. पेटीवाल्यांना हे भान असतेच असे नाही, पण ज्यांना असते त्यांचा कान विलक्षण असतो. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक. ‘माझा संगीत व्यासंग’ त्यांनी लिहिले हा काही केवळ योगायोग नसावा.

असो. दिवाळीकडे वळतो.

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली. नेमक्या त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली. रोज ठरलेल्या वेळी येणारा त्याचा फोन त्या दिवशी त्यामुळे तासभर उशिरा आला. तोवर घरात नसत्या शंका निघून गेल्या होत्या. भाऊ जवळ नसेल तर बहिणीने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. बीजेची कोर सूर्यास्तानंतर फार वेळ थांबत नाही, म्हणून ताट घेऊन घाईने गच्चीवर जावे लागले. आई जिना चढू शकत नाही. ती खाली अंगणात खुर्चीवर बसून विचारीत होती, “दिसला का गं?” तिचा प्रश्न चंद्राविषयी होता, पण ऐकणाऱ्याला तो मुलाविषयी वाटावा असाच होता. काही तासांनी तीच कोर न्यू जर्सीत मावळली असेल. त्या संध्याकाळी तो तिथल्या तीन-चारशे माणसांना घरच्या दिवाळीची आठवण करून देत होता.

या व्यवसायाची घडणच अशी आहे. सण हा इतरांचा सुटीचा दिवस, कलावंताचा कामाचा. हे आचाऱ्याला लागू आहे, एसटीच्या चालकाला लागू आहे, दवाखान्यातल्या परिचारिकेलाही लागू आहे. कलावंताचे दुःख त्यांच्याहून थोर मानण्याचे कारण नाही. फरक असला तर इतकाच, की आचारी जेवण विकतो आणि आमचा मेहुणा घर विकतो. म्हणजे घराची जाणीव. ती विकायला त्याला स्वतःच्या घरापासून आठ हजार मैल दूर जावे लागते.

तो नोव्हेंबरअखेर परतला. अमेरिकेतल्या गरम केलेल्या खोल्यांच्या कोरड्या हवेने पेटीच्या एका फळीला बारीक चीर गेली होती आणि भात्यातून वारा सुटत होता. दुरुस्ती होते न होते तोच हंगाम सुरू झाला. डिसेंबर म्हणजे आपल्याकडच्या मैफलींचा ऐन बहर. आमच्याच जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव असतो. गोविंदराव जळगावकरांनी लावलेली ही परंपरा. मोसंबी-कापसाच्या तालुक्यात मोठमोठे गवई येऊन गातात आणि लोक थंडीत घोंगड्या पांघरून रात्र रात्र ऐकतात, हे बाहेरच्यांना सांगितले तर पटत नाही. त्या वर्षी दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. दुसऱ्याच रात्री उस्ताद झाकिर हुसेन गेल्याच्या उलटसुलट बातम्या येऊ लागल्या आणि सकाळी त्या खऱ्या ठरल्या. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा अंत झाला होता. मेहुणा दिवसभर फारसे बोलला नाही. संध्याकाळी त्याने पेटी काढली आणि त्रितालाचा एक साधा लेहरा बराच वेळ वाजवीत बसला. तबला नव्हता. फक्त लेहरा.

थोरले दादा न्यू जर्सीहून सहकुटुंब आले ते २७ डिसेंबरला, मुंबईहून दुपारी निघणाऱ्या वंदे भारतने. त्या आठवड्यात मेहुण्याचा एका सरकारी महोत्सवात कार्यक्रम ठरलेला होता, म्हणजे याही जमण्यात तो नसणार हे आम्ही गृहीत धरले होते. परंतु २६ तारखेच्या रात्री डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले, सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि तो कार्यक्रम रद्द झाला. कित्येक वर्षांनी तिन्ही भावंडे वर्षअखेरीला आईजवळ होती.

३० डिसेंबरला वेळ अमावास्या होती. आईचे माहेर लातूरकडचे. तिकडे मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सारे गाव रानात जाते. आमच्या भागात तिचे एवढे प्रस्थ नाही, पण आईने लग्न होऊन आल्यापासून येळवस कधी चुकवली नाही. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. दादांच्या मुलांनी आंबिलाची छायाचित्रे काढली आणि मग ती चक्क आवडीने प्यायलीही.

दादांच्या पिशवीत कागद होते, हे आम्हाला ठाऊक होते. समृद्धीला जोडणाऱ्या जालना-नांदेड महामार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून आसपासच्या जमिनींचे भाव चढले आहेत. शेत बटाईने दिलेले, कसणारे घरात कोणी नाही, तिन्ही भावंडांची नावे सातबाऱ्यावर. सगळे एकत्र असताना सह्या होऊन जाव्यात, या दादांच्या म्हणण्यात गैर काही नव्हते. पैशाचा लोभ म्हणावा तर त्यांना त्याची गरजही नव्हती. दुरून शेत सांभाळणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना कळत नाही, असे ते म्हणाले, आणि त्यात तथ्य होते.

जेवणे झाल्यावर मुलांनी काकाला वाजवायचा आग्रह केला. पेटी उघडली गेली. तेवढ्यात आईच गुणगुणू लागली. ऐंशी ओलांडलेल्या तिच्या गळ्यात दळणावरच्या ओव्यांची चाल अजून शाबूत आहे. मेहुण्याने तिचा सूर शोधायला पट्टीवर बोट ठेवले, मग शेजारच्या पट्टीवर ठेवले. तिचा षड्ज त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध होता. पेटीवर ती जागाच नाही. आकाशवाणीच्या जुन्या बंदीमागचा आक्षेप असा आमच्या शेतात येऊन उभा राहिला. त्याने भाता मिटला आणि पेटीच्या लाकडावर दोन बोटांनी अगदी हलका ठेका धरला. आई चार ओव्या गायली. मधे एक शब्द विसरली तेव्हा तो ठेका तेवढ्याच संथपणे चालत राहिला, शब्द सापडेपर्यंत. मुले गप्प होती. त्याची इतकी सुंदर साथ आम्ही मोठमोठ्या सभागृहांतही ऐकलेली नाही.

परत निघताना दादांनी कागदांचा विषय काढला. तेव्हा मेहुणा म्हणाला, “दादा, तू म्हणशील तिथं सही करतो. पण आई येळवस करते तोवर नको.” एवढेच. त्याच्या ताईनेही तेच सांगितले. दादांनी कागद पिशवीत ठेवले. ते रागावले नाहीत, पण पटल्यासारखेही दिसले नाहीत.

प्रश्न मिटला असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात शेतातले सोयाबीन सडले आणि बटाईदारानेही हात टेकले. दादांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या बोलण्यात विक्रीचा उल्लेख नव्हता. बांध किती वाहून गेला एवढेच त्यांनी विचारले. मेहुण्याला त्या वर्षीही दिवाळीचा परदेश दौरा विचारला गेला होता. तो जायला तयार झाला, कारण पेटीवाल्याचे घर याच महिन्यांवर चालते. जाण्यापूर्वी त्याने आईच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करून घेतल्या आणि पेटी बनवणाऱ्या कारागिराकडे नेल्या. एका सप्तकातल्या पत्त्या घासून तिच्या सुराला आणता येतील का, असे तो विचारत होता. कारागीर म्हणाला, येतील, पण मग ही पेटी दुसऱ्या कोणाच्या साथीला चालणार नाही. मेहुण्याने जुनी पेटी त्याच्याकडे ठेवली आणि नवी घेऊन विमानात बसला.