तुमचा माणूस

चतुर्थीची गर्दी ओसरली की दुसऱ्या दिवशी मोरगाव सुस्तावतं. अशा एका सकाळी मयूरेश्वरासमोरच्या मोठ्या नंदीपाशी माझा शाळेतला मित्र भेटला. भेटला कसला, माझी वाट बघत थांबलाच होता. जेजुरीच्या एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो बारा वर्षं फिटर होता ते बंद पडलंय, हे मला ठाऊक होतं. तो काय बोलणार तेही ठाऊक होतं. तरी आधी पावसाचं झालं, मग ज्वारीचं, मग पोरांच्या शाळेचं.

"तुझ्या कंपनीत फिटरच्या जागा निघाल्यात म्हणं. तेवढा शब्द टाक की गड्या."

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. माझ्या शब्दानं तिथं एखादं पान हललं तर हललं. पण गावात बसून हे सांगितलं की लोकांना वाटतं, टाळतोय. नोकरीत असलेल्या माणसाच्या खिशात जागा असतात, हा आमच्या जिरायती पट्ट्याचा जुना समज आहे. तो सगळाच खोटा असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे देवाचंही थेट काम नाही म्हणा. मयूरेश्वराआधी नग्नभैरवाचं दर्शन घ्यायची रीत आहे.

"बघतो," म्हणालो. हा शब्द मराठीत नकारासाठीच ठेवलेला आहे, हे त्यालाही कळतं.

माझ्या अंगावर एक जुना फोड होता. तीन वर्षांपूर्वी मेहुणीच्या मुलासाठी मी असाच शब्द टाकला. पोरगा वाईट नव्हता. पण पहिल्याच महिन्यात जत्रेला म्हणून गेला तो आठवड्यानं उगवला, आणि पुढं एक दिवस न सांगता बंदच झाला. सुपरवायझर काही ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तुमचा माणूस ना तो?" त्यानंतर वर्षभर स्टोअरमधला एखादा बोल्ट कमी भरला तरी मला ते वाक्य ऐकू यायचं. शिवाय मेहुणीच्या घरी मीच दोषी. असल्या ठिकाणी लावलंच कशाला, म्हणून.

मागं ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास चाळताना एक गोष्ट सापडली. पुस्तक १८२६चं. शिवाजी महाराज भरतीला आलेल्या प्रत्येक माणसाला स्वतः पारखत, आणि जो ओळखीचा नसे त्याच्या इमानाबद्दल, वागणुकीबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या कुणाला तरी जामीन राहावं लागे. डफ पुढं हेही म्हणतो की ही जामीनकी पुष्कळदा नावापुरतीच असणार, कारण तिच्यातून अंग काढून घेणं सोपं होतं; तरी अट कधी सुटली नाही. मला हे वाचून बरं वाटलं. अंग काढून घेणारे तेव्हाही होते तर! आणि नात्यागोत्याचं म्हणाल तर आमच्या शेजारचं सुपंच बघा. तिथले संभाजी मोहिते हे महाराजांचे सावत्र मामा. शिमग्याची पोस्त मागायचं निमित्त करून महाराज गेले आणि मामांना कैद करून सुपं ताब्यात घेतलं, असं सभासद बखर सांगते. आमच्या पंचक्रोशीत हे सगळ्यांना पाठ आहे. भाच्याला चिकटवताना मात्र कुणाला आठवत नाही.

आमच्या कंपनीत जामीन नाही, फॉर्म आहे. उमेदवाराला किती वर्षं ओळखता? त्याच्यासोबत काम केलंय का? त्याच्या कामाबद्दल काय सांगाल? माणूस लागला आणि सहा महिने टिकला तर ओळख देणाऱ्याला बक्षीसही मिळतं. हे मी मित्राला आधीच सांगून टाकलं. उद्या दुसऱ्याकडून कळलं असतं तर त्याला मी दलाल वाटलो असतो.

फॉर्म भरायला बसलो आणि दुसऱ्या प्रश्नावर अडलो. त्याला मी तीस वर्षं ओळखतो, पण हातात पाना घेतलेला कधी पाहिलेला नाही. पाहिलंय ते वेगळंच. २०१२च्या दुष्काळात आमच्या आळीत टँकर यायचा तेव्हा नळी त्याच्या हातात असायची. हंडे, कळश्या, ड्रम ओळीनं भरायचा आणि त्याच्या घरचा ड्रम शेवटी. दोनदा तो ड्रम कोरडा राहिलेला मी बघितलाय. त्याची बायको त्यावरून भर रस्त्यात त्याला बोलली होती, तेही ऐकलंय.

मी तेवढंच लिहिलं. सोबत काम केलंय का, यापुढे 'नाही'. फिटर म्हणून कसा आहे ते टेस्ट घेऊन ठरवावं. माणूस कसा आहे ते मी सांगतो. आणि मग टँकरची हकिगत, चार ओळींत.

संध्याकाळी त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

"बारा वर्षं फिटिंग केली मी. अन् तू पाण्याचं लिहिलंस?"

"फिटिंग मी बघितली नाही रे."

"एक नंबर फिटर आहे, एवढं लिहायला काय जात होतं तुझं?"

काय जात होतं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मेहुणीच्या मुलाबद्दल मी फॉर्मवर 'एक नंबर' असंच लिहिलं होतं.

त्याला बोलावणं आलंय. येत्या गुरुवारी ट्रेड टेस्ट आहे. मोरगाव ते बारामती पस्तीसेक किलोमीटर. मी रोज गाडीवर जातोच, चल म्हणालो. नको म्हणाला, सकाळच्या एसटीनं जाणार आहे.