दुसऱ्याच्या मापाची बंदूक

१/ 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. इतिहासात मात्र बहुतेक वेळा याच्या उलट घडत आले. खांदा शिपायाचा स्वतःचा होता आणि बंदूक दुसऱ्याच कुणाच्या मापाची. नागपूरच्या सीताबर्डीपासून पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोहोचणारी ही कथा बंदुकीच्या ज्या भागाची आहे, त्याकडे सहसा कुणी पाहत नाही. तो भाग म्हणजे दस्ता.

२/ नळी गोळीला दिशा देते, चाप क्षण ठरवतो. पण बंदूक माणसाला जोडली जाते ती दस्त्यामुळे. त्याचे मागचे टोक खांद्याच्या खळग्यात बसते आणि वरच्या कडेवर गाल टेकतो. गाल जिथे टेकतो, तिथून डोळ्याची उंची ठरते. डोळा बोटभर वर गेला तर नेमही वर जातो. दस्ता लांब असेल तर मान ताणली जाते. आखूड असेल तर नाक अंगठ्यावर आदळते. म्हणून नेमबाजीची अर्धी कथा ही लाकडाच्या या तुकड्याची कथा आहे.

३/ २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. नागपूरच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनी सरकारची पलटण आणि समोर आप्पासाहेब भोसल्यांची फौज. भोसल्यांच्या बाजूला अरब शिपायांच्या तुकड्या होत्या आणि त्यांच्या हाती तोड्याच्या लांब नळीच्या बंदुका. दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी अरबांनी काही काळ जिंकलीही. पुढे ती हातची गेली आणि लढाईही गेली. त्या दिवशी टेकडीवर आणि टेकडीखाली बंदुकीविषयीचे दोन वेगळे विचारच समोरासमोर उभे होते.

४/ हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ आणि सडपातळ असे. त्याचा छेद बहुधा पंचकोनी. ती एकेक करून कारागिराच्या हातून घडे. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. ज्याचे हत्यार स्वतःचे, त्याला ते आपल्या हाताला जुळवून घेण्याची मुभा होती. एकच बंदूक वर्षानुवर्षे वापरून माणूस तिचे खोड ओळखे आणि तिच्या चुकीइतकी आपली चूक सावरून घेई.

५/ टेकडीवरची कंपनीची पलटण ही त्या अर्थाने बारगिरांची पलटण होती. साऱ्यांना एकाच नमुन्याची 'ब्राऊन बेस' मस्केट. उंच शिपायाला तीच आणि ठेंगण्यालाही तीच. या मस्केटला मागची दृष्टी नव्हती; पुढे संगीन अडकवण्याचा जो छोटा खुंट असे, तोच काय तो माशीचे काम करी. कारण एकेकट्याने नेम धरणे तिथे अपेक्षितच नव्हते. शंभर जणांनी एका हुकमासरशी बार काढायचा आणि समोर शिशाची भिंत उभी करायची. ज्याला नेमच धरायचा नाही, त्याच्या गालाचे माप कोण घेणार?

६/ १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. सातपुड्याची जंगले साहेबांच्या शिकारीसाठी खुली झाली. याच प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोरसाइथने शिकारी रायफलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. समोरून येणाऱ्या वाघापुढे शंभर बंदुकांची सलामी कामाची नव्हती; तिथे एकाच माणसाला एकाच गोळीचा हिशेब द्यायचा होता. साहजिकच 'ही बंदूक माझ्या अंगाला बसते का?' हा प्रश्न पुढे आला. पण तो विचारण्याची ऐपत फार थोड्यांची होती.

७/ इंग्लंडमधील बंदूककारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर 'ट्राय गन' नावाचा उपाय काढला. शिंप्याकडे कच्ची शिलाई घालून पाहावी तसाच हा प्रकार. या बंदुकीचा दस्ता बिजागऱ्यांचा आणि स्क्रूंचा. गिऱ्हाइकाने ती खांद्याला लावायची आणि कारागिराने स्क्रू फिरवत चार मापे घ्यायची: चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी, नळीच्या रेषेपासून खाली येणारा उतार, डावी-उजवीकडचा बाक आणि टोकाचा कल. मग त्या मापांवर अक्रोडाचे लाकूड कोरले जाई.

८/ छऱ्यांच्या बंदुकीत या मापांचे मोल विशेष, कारण तिला मागची दृष्टी नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची दृष्टी. दस्त्याने डोळा चुकीच्या जागी नेला की बंदूक चुकीच्या ठिकाणी पाहू लागते. मात्र समायोजनाची ही सोय त्या काळी दुकानातच राहिली. स्क्रू कारागिराच्या बंदुकीला होते. गिऱ्हाइकाच्या हाती आलेला दस्ता त्याला स्वतःला बदलता येण्याजोगा नव्हता. धनिक माणूस वयाने जाड झाला की त्याला पुन्हा कारागिराकडेच जावे लागे.

९/ सामान्य शिपायाच्या मापाची गंभीर दखल घेतली ती ली-एनफील्ड रायफलीने. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा होता. मागचा तुकडा एका लांब बोल्टाने जोडलेला असल्याने तेवढाच बदलता येई. तो आखूड, साधारण आणि लांब अशा मापांत मिळे आणि मापांमध्ये साधारण अर्ध्या इंचाचा फरक असे. पुढे फार ठेंगण्या शिपायांसाठी 'बँटम' नावाचे आणखी आखूड माप आले. माप ओळखण्यासाठी लाकडावर अक्षर ठोकलेले असे. अर्धा इंच ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण शिपायांचे हात एकसारखे नसतात, हे सरकारी कारखान्याने त्या अर्ध्या इंचात मान्य केले.

१०/ नागपूरलगतच्या कामठीत हा इतिहास आजही नांदतो. कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये वसलेल्या या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे आणि एनसीसीच्या अधिकाऱ्यांना घडवणारी अकादमीही. देशभरातील लाखो मुलामुलींनी बंदूक पहिल्यांदा हाती घेतली ती एनसीसीतच, आणि ती पॉइंट टू टू रायफल होती. तिचा दस्ता लाकडाचा आणि न हलणारा. पंधरा वर्षांची सडपातळ मुलगी आणि वीस वर्षांचा धिप्पाड तरुण एकाच रांगेत, एकाच मापाच्या रायफलीमागे आडवे होतात.

११/ अशा वेळी काय घडते? दस्ता लांब पडल्याने मुलीचा खांदा मागे खेचला जातो, मान पुढे ताणली जाते आणि चापावरचे बोट टोकाने काम करते. गोळ्या विखुरतात. कागद पाहून तिला सांगितले जाते की तिचा हात स्थिर नाही. हात स्थिर असतोही. तो नको तिथे ताणलेला असतो इतकेच. मापाचा दोष माणसाच्या नावावर मांडला जातो आणि ती तो खरा मानून रांगेतून उठते. या कथेतला खरा तोटा इथे आहे. किती चांगले नेमबाज अशा रांगांतून उठून गेले असतील, याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

१२/ यातून सुटण्याची वाट युद्धभूमीवर नव्हे, तर निशाणबाजीच्या जत्रांमध्ये निघाली. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीच्या डोंगराळ भागात गावोगाव नेमबाजीच्या चुरशी होत. तिथल्या रायफलींना खांद्याखाली अडकणारा आकडा, गालासाठी उंचवटा आणि तळहातावर रायफल तोलण्यासाठी खाली लोंबणारा गोळा असे. विसाव्या शतकात जर्मनीच्या उल्म येथील आन्शुट्झ आणि वाल्थर यांसारख्या कारखान्यांनी याच कल्पना रुळांवर आणि स्क्रूंवर चढवल्या. ट्राय गनचे स्क्रू अखेर दुकानातून नेमबाजाच्या हाती आले.

१३/ आजच्या स्पर्धेच्या रायफलीचा दस्ता पुष्कळदा अॅल्युमिनियमचा असतो. गाल टेकवायचा चीक पीस वर-खाली आणि आडवा सरकतो. खांद्याकडची बट प्लेट पुढे-मागे, वर-खाली होते आणि तिरपीही करता येते. पिस्तुलासारखी मूठ फिरवता येते. पुढच्या हातासाठीचा हँड स्टॉप रुळावर हवा तिथे घट्ट बसतो. प्रत्येक भागावर बारीक आकड्यांची पट्टी कोरलेली असते आणि नेमबाज ते आकडे वहीत टिपून ठेवतो. स्पर्धेपूर्वी हे सारे पंचांकडून तपासले जाते. एअर रायफलचे वजन साडेपाच किलोंपेक्षा अधिक चालत नाही.

१४/ इतका खटाटोप कशासाठी? थोडे गणित करू. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर 'दहा'चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजले जातात. केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकले की एक दशांश गुण गेला. रायफलीची मागची दृष्टी आणि पुढची माशी यांत ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर माशीपाशी झालेली चूक निशाणावर सुमारे बारा पटींनी वाढते. माशी एका केसाच्या जाडीइतकी चुकली तर तीन-साडेतीन दशांश गुण हातचे जातात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राचे सुवर्ण एकूण ०.८ गुणांनी ठरले होते.

१५/ केसाच्या जाडीची शिस्त स्नायूंच्या जोरावर पाळता येत नाही. स्नायू थकतो, थरथरतो. ती हाडांवर पाळावी लागते. रायफलीचे वजन कोपर, बरगडी आणि कंबर यांच्यावरून जमिनीत उतरले पाहिजे आणि डोळे मिटून उघडले तरी माशी निशाणावरच दिसली पाहिजे. दस्ता अंगाला बसला तरच हे साधते. नेम सुधारणाऱ्या या जोडभागांचे काम म्हणूनच नेमबाजाला बळ देण्याचे नाही. त्याला बळ वापरावे लागू नये, याची तजवीज करण्याचे आहे.

१६/ महाराष्ट्राला या बदलाचे फळ ठळकपणे मिळाले. मुंबईच्या अंजली भागवत यांची नेमबाजी एनसीसीतून सुरू झाली. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या एअर रायफल प्रकारात त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि पुढे त्या जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. गुण ६०० पैकी ५९७. बंदूक पुरुषाच्याच खांद्याची ही समजूत किती लाकडी होती, हे मापात बसवलेल्या दस्त्यांनी उघड केले.

१७/ १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५९० गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला होता. या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभे राहून नेम साधायचा. देह तोच, रायफल तीच; पण तीन बैठकींत खांदा, मान आणि डोळा यांचे नाते तीनदा बदलते. म्हणून दोन बैठकींच्या मधल्या मोजक्या मिनिटांत बट प्लेट, चीक पीस आणि हँड स्टॉप पुन्हा नव्या आकड्यांवर न्यावे लागतात.

१८/ स्वप्नील सुरुवातीला मागे होता. उभ्याच्या बैठकीत त्याने आपला क्रम वर नेला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक जिंकले. हेलसिंकीत १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चुरशीच्या त्या घटकेला रायफल खांद्यावर कुठे बसेल, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवण्याचे कारण नव्हते. त्याचे उत्तर वहीत आणि स्क्रूंवर आधीच लिहिलेले असते. मन नेमासाठी मोकळे राहते.

१९/ जोडभागांची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ते नेम धरत नाहीत. बैठक चुकीची असेल तर ते चुकीची बैठकच नेमाने परत परत घडवतात. प्रत्येक वाईट गोळीनंतर स्क्रू फिरवणाऱ्याला आपली चूक कधीच सापडत नाही, कारण मोजण्याचा गज तोच हलवत असतो. म्हणून आधी बैठक घडवायची, मग दस्ता तिला जुळवायचा, आणि जुळला की पुष्कळ दिवस हात लावायचा नाही. अंगरखा अंगावर बेतावा. अंगरख्यासाठी अंग वाकवू नये.

२०/ आता सैन्यही या वाटेवर आले आहे. अमेठीजवळच्या कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफलीचा दस्ता दुमडता येतो आणि त्याची लांबी कमी-जास्त करता येते. जाड जाकीट घातलेला जवान आणि बिनजाकिटाचा जवान, उंच आणि ठेंगणा, एकच रायफल आपापल्या मापाची करू शकतो. सीताबर्डीच्या टेकडीवर जी मुभा शिपायाला नव्हती, ती दोन शतकांनी बारगिराच्या हाती आली.

२१/ स्पर्धेची परदेशी रायफल मात्र आजही लाखांच्या घरात जाते आणि क्लबात नव्याने येणारे मूल बहुधा दुसऱ्या कुणासाठी जुळवलेली रायफल उचलते. तिथे खर्च न करता करण्याजोगे एक काम आहे. गोळ्या विखुरल्या तर मुलाला दोष देण्यापूर्वी दस्त्याची लांबी पाहावी, चीक पीसची उंची जुळवून घ्यावी आणि मग पुन्हा पाच गोळ्या झाडू द्याव्यात. मापाची संधी मिळाल्यानंतरही नेम चुकला, तरच तो त्या मुलाचा.

२२/ नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात, त्या मध्यवर्ती संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. अशा दालनांत लोक नळीची लांबी पाहतात, नक्षी पाहतात आणि पुढे सरकतात. पुढच्या भेटीत जरा दस्त्याकडे पाहावे. खांद्याकडचे टोक आणि गालाची जागा नीट न्याहाळावी. ज्या माणसाने ते लाकूड गालाशी धरले, त्याचे माप कुणी कधी घेतले होते का, हा प्रश्न त्या काचेसमोर उभे राहून विचारण्याजोगा आहे.