रजईतली शेकोटी आणि तिचं बिल

जपानला जायचं म्हटलं की सगळ्याजणी साकुराच्या बहराबद्दल विचारतात. पण मैत्रिणींनो, परक्या देशातला संसार बघायचा असेल ना, तर ऐन थंडीत जावं. बहरात सगळी माणसं बागेत असतात, थंडीत ती घरात सापडतात.

माझी भाची तोक्योत निशी-कासाई भागात राहते. तिथे आपली माणसं इतकी, की तूरडाळीला अडत नाही. तिला घेऊन मी फेब्रुवारीत आइझु-वाकामात्सुला गेले. शिंकान्सेनने कोरियामापर्यंत आणि पुढे तासाभराहून अधिक साध्या गाडीने. लाल कौलांचा किल्ला, लाखकामाची दुकानं आणि सगळ्यावर बर्फ. किल्ला पाहण्यासारखाच आहे. पण मला सांगायचंय ते आम्ही उतरलो त्या छोट्याशा खानावळवजा घराबद्दल.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. घर लाकडी, सरकत्या कागदी दारांचं आणि गारठलेलं! पाश्चात्त्यांसारखं सबंध घर ऊबदार ठेवायची चाल तिकडे, होक्काइदो सोडलं तर, फारशी नाही. माणूस बसेल ती खोली तापवायची. त्याहून बरं म्हणजे नुसता माणूसच तापवायचा! त्यासाठी कोतात्सु. बुटकं चौरंगासारखं टेबल, त्यावर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाड रजई आणि वर पुन्हा टेबलाची फळी. टेबलाच्या पोटाला आतून इन्फ्रारेड हीटर बसवलेला. पाय आत सरकवायचे, रजई मांडीवर ओढायची, वर मिकान संत्र्यांची टोपली. एकदा बसलं की उठवत नाही, बाई!

पूर्वी तिथे निखारे असत. १९५७ साली इन्फ्रारेड दिव्याचं विजेचं कोतात्सु बाजारात आलं. म्हणतात, पहिला दिवा पांढुरका होता, तर गिऱ्हाइकांना तो गरम वाटेचना! म्हणून तो तांबडा केला, तेव्हा कुठे पटलं. खरं म्हणजे इन्फ्रारेड किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. पण विस्तव लालच असायला हवा, हे त्यांचंही आणि आपलंही.

आता खर्चाकडे वळू. तिकडे विजेचा हिशेब सांगताना युनिटला ३१ येन धरायची पद्धत आहे. येन म्हणजे आपले पंचावन्न-साठ पैसे. कोतात्सुवर आकडा असतो ५००-६०० वॉटचा. तुम्ही म्हणाल, दोन तासांत युनिट खलास! पण रजईत ऊब कोंडली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, गार झालं की पुन्हा लावतो. म्हणून मोठ्या आचेवरही तासाला साधारण १६० ते २०० वॉटच्या हिशेबानेच वीज जाते. म्हणजे पाच-सहा येन. रोज सहा तास बसलात तरी महिन्याला हजार येनच्या आसपास. तोच १,००० वॉटचा उभा इन्फ्रारेड हीटर उघड्या खोलीत तेवढाच वेळ लावला, तर तासाला ३१, महिन्याला ५,५८० येन! किरण तेच, फरक रजईचा.

आणखी एक. “इन्फ्रारेड म्हणजे वीज कमी” असं दुकानदार तिकडेही सांगतात, इकडेही. एक युनिट वीज घातली की एक युनिटचीच उष्णता मिळणार, मग ती तांबड्या नळीतून येवो की साध्या तारेतून. उलट गरम हवेचा एअरकंडिशनर बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटमध्ये तिप्पट-चौपट काम करतो. सबंध खोली तापवायची तर तो परवडतो. एकट्या माणसाला समोर बसायचं असेल तर हे किरण. नाशिकच्या डिसेंबरात नातवंडाची आंघोळ उरकेपर्यंत आपण दोन सळयांचा हीटर लावतो ना, तो वापर बरोबर. दिवसभर हॉलमध्ये जळत ठेवलात, तर ८०० वॉटने अडीच तासांत दोन युनिटं गेलीच म्हणून समजा.

आमच्या मालकीणबाई हिशेबाला पक्क्या. मोठ्या आचेवरून मधल्या आचेवर आणलं की हिवाळ्याभरात सुमारे ४९ युनिटं वाचतात, आणि खाली गादी, वर आणखी एक पांघरूण घातलं की ३२, हे सरकारी पत्रकातले आकडे त्यांना पाठ. त्यातून २०२३च्या जूनमध्ये तिकडच्या सात वीज कंपन्यांनी दर वाढवले, त्यांत त्यांचीही. तेव्हापासून हात आणखी आखडला. शिवाय घराला वीज ३० अँपिअरची, म्हणजे १०० व्होल्टवर सारे मिळून ३,००० वॉट. हीटर, भाताचा कुकर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फट्कन अंधार!

पण मायलेकींचं भांडण होतं न्हाणीघरावरून. तोक्योतल्या लेकीने कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर १,००० वॉटचा इन्फ्रारेड हीटर लावून दिलेला, आणि आई तो लावेना. “दोन मिनिटांसाठी कशाला?” गारठलेल्या खोलीत कपडे उतरवून एकदम कढत पाण्यात उतरलं की रक्तदाब आधी चढतो, मग घसरतो. भोवळ येते, माणूस टबातच बुडतो. घरच्या टबात बुडून दगावणाऱ्या वृद्धांची संख्या तिथे रस्त्यावरच्या अपघातांत जाणाऱ्या वृद्धांहून जास्त आहे. म्हणून तर सरकार सांगतं, खोली आधी तापवा, पाणी ४१ अंशांपर्यंतच ठेवा, टबात दहा मिनिटांहून जास्त बसू नका.

भाचीने मध्यस्थी केली, तीही कागदावर. दहा मिनिटं, १,००० वॉट, युनिटला ३१ येन. उत्तर आलं पाच येन. “मावशी, यांच्या टोपलीतल्या एका मिकानलाही जास्त पडत असतील गं!”

मालकीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिला. बोलल्या काही नाहीत. मात्र त्या रात्री आमच्या आंघोळीआधी न्हाणीघराबाहेरची ती खोली तांबूस उजळलेली दिसली. आणि शेवटी त्या स्वतः आंघोळीला गेल्या, तेव्हा लेकीचा फोन आला. भाचीने तो घेतला आणि सांगितलं, “हो, लावलाय. दिवा दिसतोय.”