जमिनीत झोपणारी भाजी

बीड म्हटलं की बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं आठवतात, नाही का? त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण इथल्या काळ्या रानात, बांधाच्या कडेला आणखी एक रानमेवा मिळतो. त्याचं नाव कडवंची! ही कारल्याच्याच घराण्यातली वेल. पण फळ बोटाच्या पेराएवढं. देठ खुडायचे, कांदा-लसणावर परतायचं, वरून शेंगदाण्याचं कूट घालायचं. सोबत ज्वारीची भाकरी. अहाहा!

हिची गंमत ऐका. पावसाळा सरला की वेल वाळून जाते. पण जमिनीत कंद जिवंत राहतो. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं लागतात. मग परसातल्या मेथी-कोथिंबिरीला पाणी कोण घालणार? कडवंचीला मात्र कुणीच लागत नाही. माणसं परततात, मृगाचा पाऊस पडतो आणि कंदाला कोंब फुटतो.

आता बांधावर तणनाशक फवारतात, बांधही कोरतात. त्यात कडवंचीही जाते. म्हणून तिला परसात आणा. ती कुठे उगवते, हे आजीला विचारा. तिला बांध न् बांध ठाऊक असतो. पावसाळ्यात वेल दिसली की शेजारी खुंटी ठोका. उन्हाळ्यात शेतमालकांना विचारून एखादाच कंद काढा, बाकीचे राहू द्या. कुंपणाजवळ पुरा, वेलीला काटक्यांचा आधार द्या. मग घर बंद ठेवून जावं लागलं, तरी परतल्यावर भाजी तुमच्याच परसात उगवेल!