भोपळ्याचे बाळ

आयुष्याच्या मध्यावर व्यवसाय बदलणाऱ्या माणसाला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्याकडे हमखास ऐकवली जाते. डेव्हिड वर्नर यांच्या कार्याची ओळख झाल्यापासून ती आम्ही जपून वापरतो.

वर्नर हे कॅलिफोर्नियातील जीवशास्त्राचे शिक्षक. १९६० च्या दशकात ते मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतराजीत गेले आणि तेथील खेडुतांची दैना पाहून आरोग्यसेवेकडे वळले. ते डॉक्टर नव्हते. परंतु त्यांचे 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' हे पुस्तक १९७७ साली इंग्रजीत निघाले आणि जगभर पोहोचले. त्यांचा वर्ग सुटला. त्यांच्यातील शिक्षक मात्र सुटला नाही.

अतिसाराने बाळ दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. गरिबाघरी अशा बाळाला सांभाळते बहुधा थोरले भावंडच. त्या भावंडांना हे शास्त्र शिकवायचे कसे? वर्नर आणि बिल बोवर यांच्या १९८२ च्या पुस्तकात उत्तर आहे. पोकळ भोपळ्याचे बाळ करावे. वर टाळूच्या जागी भोक ठेवून त्यावर ओले पातळ फडके घालावे, खाली बूच लावावे. पाणी भरून बूच काढले की फडके आत खचते. टाळू का खोल जाते, हे मुलांना न सांगताच उमगते. जुलाबात पाणी तोडावे, ही जुनी समजूत तेथेच गळून पडते. गेलेले पाणी भरून काढायचे कसे? एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव आसवांहून खारट नसावी, हीच खूण.

हा निव्वळ खेळ नव्हे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच क्षार-शर्करेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले.

प्रभू येशूनेही बी, खमीर आणि दिवा अशा घरातल्याच वस्तू हाती घेऊन शिकवण दिली. 'पाणी उकळून प्या' ही आज्ञा वहीत राहते. डोळ्यांनी पाहिलेले मूल घरी घेऊन जाते.

आपल्या धर्मग्रामांत निवृत्त परिचारिका आहेत, शिक्षक आहेत. आपले काम आता संपले, असे त्यांना वाटू नये. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी भोपळा घेऊन यावे. पाण्याचा तांब्या आम्ही भरून ठेवू.